बर्फाच्या चादरीखाली नदी पुलाचा पाया कसा खणते

उन्हाळ्यात, साधारण एप्रिलच्या अखेरीस, भीमेच्या पात्रात उतरून एखाद्या जुन्या पुलाच्या खांबापर्यंत चालत गेले, तर आजूबाजूला कोरडी वाळू आणि उघडे पडलेले काळे खडक दिसत असतानाही खांबाच्या बुडाशी, विशेषतः पाणी ज्या अंगाने येते त्या अंगाला, हिरवट पाण्याचे एक डबके बहुधा शिल्लक असते. गुरे तेथेच पाणी पितात आणि मुले गळ टाकून तेथेच बसतात. हे डबके कोणी मुद्दाम खणलेले नसते. पावसाळ्यात पूर असताना, वरून फक्त गढूळ पाणी दिसत होते तेव्हा, नदीने ते स्वतः खणलेले असते, आणि आज दिसते आहे ती त्याची भर पुरात असलेली पूर्ण खोलीही नसते.

पंढरपुरात चंद्रभागेत उभे राहिलेल्या प्रत्येकाने हीच गोष्ट लहान प्रमाणात अनुभवली आहे. घोटाभर वाहत्या पाण्यात क्षणभर स्थिर उभे राहिले की टाचेखालची आणि अंगठ्याच्या कडेची वाळू सरकू लागते, पाऊल किंचित कलते, आणि आपण नकळत पाय उचलून दुसरीकडे ठेवतो. पुलाच्या खांबाला पाऊल बदलता येत नाही. त्याच्या बुडाशी सुरू झालेले हे सरकणे पुराचा जोर असेपर्यंत चालूच राहते. अभियंते त्याला 'स्कावर' म्हणतात. या लेखात त्याला तळखरवड म्हणू.

वाहते पाणी खांबाच्या समोरच्या बाजूवर आदळते तेव्हा त्याला अडून थांबावे लागते. नदीत वरच्या थरातले पाणी वेगवान आणि तळालगतचे संथ असते, त्यामुळे आदळण्याचा दाब खांबाच्या वरच्या भागावर जास्त आणि बुडाशी कमी पडतो, आणि या फरकामुळे पाण्याचा एक झोत खांबाला घासून सरळ तळाकडे उतरतो. हा झोत वाळूत पहारीसारखा शिरतो. तळाला लागल्यावर तो उलटा वळतो, गुंडाळला जातो आणि खांबाच्या दोन्ही अंगांनी घोड्याच्या नालासारखा भोवरा होऊन मागे निघतो. जाताना सुटलेले कण तो बरोबर नेतो. खांबाच्या मागे उभे भोवरे तयार होतात आणि ते उरलीसुरली वाळू उचलून थोड्या अंतरावर ढीग करतात. म्हणूनच खड्डा पुढच्या अंगाला खोल असतो आणि उंचवटा मागे असतो.

याशिवाय पुलामुळे पात्र आवळले जाते तेव्हा दोन खांबांच्या मधला सगळा तळच थोडा खाली जातो, आणि पुरात नदीचा तळ एकूणही खचतो. पायाची खोली ठरवताना हे सगळे एकत्र धरावे लागते. आपल्याकडे त्यासाठी ब्रिटिश अभियंते जेराल्ड लेसी यांनी १९३० मध्ये मांडलेल्या विचारावर उभे असलेले सूत्र आजही वापरले जाते. एक मीटर रुंदीतून सेकंदाला किती घनमीटर पाणी जाते आणि तळाची वाळू किती जाड आहे, या दोन गोष्टी त्यात घालाव्या लागतात. समजा, मीटरभर रुंदीतून सेकंदाला १० घनमीटर पाणी जात आहे आणि वाळूचे कण सरासरी एक तृतीयांश मिलिमीटरचे आहेत, तर पूररेषेपासून तळखरवडीची सरासरी खोली सुमारे ६.२ मीटर निघते आणि खांबाजवळ तिच्या दुप्पट, म्हणजे १२.४ मीटर धरतात. पाया त्याच्याही खाली पुरेसा रोवलेला असावा लागतो. जेथे बेसाल्टचा कातळ हाती लागतो तेथे हिशेब निराळा होतो, पण कातळावर वाळूचा आणि मुरमाचा जाड थर असेल तर वरचे सगळे लागू पडते.

या विषयातली सर्वांत फसवी गोष्ट अशी की पूर ओसरू लागला की नदी आपणच खणलेला खड्डा पुन्हा भरू लागते. भर पुरात तो सर्वांत खोल असतो, आणि पाणी उतरून पाहणी होईपर्यंत त्यात सैल गाळ येऊन बसलेला असतो, जो दिसायला भक्कम पण भार घ्यायला निकामी असतो. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात स्कोहॅरी नदीवरचा महामार्गाचा पूल ५ एप्रिल १९८७ रोजी कोसळला आणि १० माणसे गेली. पाऊस आणि वितळलेले बर्फ यांमुळे आलेल्या पुराने त्याच्या उथळ पायाखालची माती काढून नेली होती. वरचा रस्ता मात्र शेवटच्या क्षणापर्यंत सपाट होता आणि त्यावरून वाहने जात होती. पुलांच्या पाण्याखालच्या भागाची ठराविक मुदतीने तपासणी करण्याचा नियम अमेरिकेत या दुर्घटनेनंतर आला.

आता बर्फाकडे वळू. सोलापुरात बसून नदीच्या बर्फाविषयी लिहिण्याचे कारण एक फोन आहे. मी ज्या महाविद्यालयात जलगतिशास्त्र शिकवतो तेथला एक जुना विद्यार्थी सध्या लडाखमध्ये रस्त्याच्या कामावर आहे. त्याने विचारले, "सर, इथं वरनं नदी गोठलेली असते आणि खालनं पाणी वाहत असतंय. मग खांबापाशी जास्त खणतंय का कमी?" त्याला स्वतःला वाटत होते की कमी, कारण हिवाळ्यात पाणी थोडे आणि संथ असते. मी म्हणालो, "नीट मांडून सांगतो, दोन दिवस दे." हे उत्तर खरोखरच एका वाक्यात देता येत नाही.

आधी नदी कशी गोठते ते पाहिले पाहिजे, कारण ती तळ्यासारखी गोठत नाही. पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असते, म्हणून त्याहून थंड झालेले पाणी स्थिर तळ्यात वरच तरंगत राहते आणि बर्फाचा थर पृष्ठभागावर धरतो. नदीचे पाणी सतत ढवळले जाते. त्यामुळे ते वरपासून तळापर्यंत सारखेच थंड होते, शून्य अंशाच्याही किंचित, अंशाच्या काही शतांशांइतके, खाली उतरते, आणि मग संपूर्ण खोलीत एकाच वेळी बर्फाच्या बारीक चकत्या तयार होऊ लागतात. गोळेवाल्याच्या रंध्याखालून पडणारा किसलेला बर्फ पाण्यात कालवावा तसा हा लगदा दिसतो. त्यातला काही तरंगून वर येतो, त्याच्या थाळ्या होतात, थाळ्या एकमेकींना चिकटतात, काठाकडून वाढत आलेल्या बर्फाला मिळतात आणि अखेरीस सलग आवरण तयार होते. काही लगदा मात्र तळातल्या गोट्यांना चिकटून खालीच वाढतो. लडाखमधल्या झांस्कर नदीवर जानेवारी-फेब्रुवारीत तयार होणाऱ्या अशा आवरणावरून लोक पिढ्यान्‌पिढ्या ये-जा करत आले आहेत आणि त्या वाटेला ते 'चादर' म्हणतात. हा शब्द आपल्या गावाला वेगळा समजावण्याची गरज नाही, आणि तो नेमकाही आहे: वरून अंथरलेली, खालचे काहीच दिसू न देणारी चादर.

या चादरीचा पहिला परिणाम अगदी साधा आहे. उघड्या नदीला फक्त तळ आणि दोन काठ घासतात. वरची हवा पाण्याला जवळजवळ अडवत नाही. बर्फ आले की वरूनही घर्षण सुरू होते. ५० मीटर रुंद आणि २ मीटर खोल पात्र घेतले तर उघड्या अवस्थेत पाण्याला घासणारी कड सुमारे ५४ मीटर भरते, आणि झाकलेल्या अवस्थेत ती १०४ मीटर होते. घर्षण एवढे वाढले की तेवढेच पाणी पुढे नेण्यासाठी नदीला जास्त खोली लागते. बर्फाची खालची बाजू तळाइतकीच खडबडीत धरली आणि चादर पाण्याबरोबर वर उचलली जाऊ शकते असे मानले, तर खोली सुमारे १.३२ पट होते, म्हणजे २ मीटरच्या ठिकाणी २.६४ मीटर, आणि सरासरी वेग तीन चतुर्थांशावर येतो. माझ्या विद्यार्थ्याचा अंदाज इथपर्यंत बरोबर होता.

पण तळातल्या वाळूला सरासरी वेगाशी काही देणेघेणे नसते. तिला तिच्या अंगावरून जाणाऱ्या पाण्याचा वेग कळतो. उघड्या नदीत सर्वांत वेगवान धार पृष्ठभागाजवळ असते. बर्फाखाली वरचे पाणीही रोखले जात असल्यामुळे ही धार मधल्या खोलीकडे सरकते, आणि बर्फाची खालची बाजू तळापेक्षा अधिक खडबडीत असेल, जी गोळा झालेल्या लगद्यामुळे आणि उभ्या-आडव्या अडकलेल्या तुकड्यांमुळे बऱ्याचदा असते, तर ती तळाच्या आणखी जवळ ढकलली जाते. म्हणजे सरासरी वेग तोच ठेवला तरी बर्फाखाली तळाला बसणारी ओढ वाढते आणि खांबासमोरून उतरणारा झोतही जोरकस होतो. प्रयोगशाळांत सरासरी वेग समान ठेवून केलेल्या तुलनेत बर्फाच्या आवरणाखाली खांबाजवळचा खड्डा साधारण २५ ते ३५ टक्के अधिक खोल गेल्याचे आढळले आहे, आणि खडबडीत आवरणाखाली तो गुळगुळीत आवरणाखालच्यापेक्षा मोठा होतो यावर बहुतेक अभ्यासकांचे एकमत आहे.

हे मी विद्यार्थ्यांना आमच्या काचेच्या पन्हळीत करून दाखवतो. तळाला भीमेची चाळलेली वाळू पसरतो, मध्ये प्लास्टिकच्या पाइपचा तुकडा खांब म्हणून उभा करतो आणि पाणी इतकेच सोडतो की मोकळ्या जागेतली वाळू जेमतेम स्थिर राहील. पाइपसमोर वाटीएवढा खड्डा पडतो आणि थोड्या वेळाने त्याचे वाढणे मंदावते. मग पाण्यावर थर्माकोलचे तक्ते ठेवतो, ज्यांच्या खालच्या बाजूला थर्माकोलचेच चौकोनी तुकडे चिकटवलेले असतात, आणि सरासरी वेग पुन्हा पहिल्याइतका करतो. काचेला नाक लावून पाहणाऱ्याला फरक लगेच दिसतो. मघाशी जागेवर असलेले कण एकेक करून गडगडू लागतात, खड्ड्याच्या काठावरून वाळू आत घसरते, आतला भोवरा तिला क्षणभर गोल फिरवतो आणि खांबाच्या बगलेने बाहेर फेकतो. वरून पाहणाऱ्याला तेव्हा फक्त पांढरे तक्ते दिसत असतात.

आणखी धोक्याची अवस्था म्हणजे चादर काठांना आणि खांबांना घट्ट गोठून बसलेली असणे. अशा वेळी पाऊस पडला, वरच्या भागात बर्फ वितळले किंवा धरणातून पाणी सोडले गेले, तर पाण्याला वर चढायला जागाच उरत नाही. ते बंद नळातल्या पाण्यासारखे दाबाखाली वाहू लागते, आणि वाढलेले सगळे पाणी वेग वाढवूनच पुढे जाऊ शकते. वेग दुप्पट झाला की तळावरची ओढ सुमारे चौपट होते, म्हणून चादर तडकेपर्यंतचे हे काही तास खांबाच्या पायासाठी फार वाईट असतात. आपल्याकडे बर्फ नाही, पण झाकण आहे: पुराचे पाणी पुलाच्या गर्डरला, म्हणजे रस्ता पेलणाऱ्या तुळईला, टेकले की तो गर्डरच झाकणाचे काम करतो आणि त्याखालून पाणी असेच दाबाखाली निसटते. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला महापूर आला आणि लांबोटीजवळ सोलापूर-पुणे महामार्गावरची वाहतूक थांबवावी लागली, तेव्हा पाण्याची वाढती पातळी सर्वांना दिसत होती. अशा पुरात रस्त्यावर पाणी येण्याइतकाच पुलाखालून निसटणाऱ्या पाण्याचा वेगही चिंतेचा असतो.

बर्फ फुटते तेव्हाची गोष्ट वेगळी आहे. वसंतात चादरीचे तुकडे होतात आणि ते प्रवाहाबरोबर निघतात. बर्फाची घनता पाण्याच्या सुमारे ९१.७ टक्के असल्यामुळे प्रत्येक तुकड्याचा नऊ-दशांश भाग पाण्याखालीच असतो, म्हणून दिसतो त्यापेक्षा तो कितीतरी जास्त पाणी अडवतो. वळणावर, उथळ जागी किंवा पुलाच्या खांबांपाशी हे तुकडे अडकतात, एकावर एक चढतात, एकाखाली एक सरकतात, आणि बांध तयार होतो. भीमेवर पुलांना आणि बंधाऱ्यांना जलपर्णी येऊन तुंबते, तिच्यात बाभळीचे ओंडके अडकतात आणि पाणी त्या हिरव्या गठ्ठ्याखालून खळाळत जाते, हे ज्याने पाहिले आहे त्याला पुढचे सांगणे सोपे आहे. खांबाला अडकलेला बर्फाचा ढिगारा पाण्याच्या दृष्टीने खांबच जाड करतो, आणि खांब जितका रुंद तितका खड्डा खोल. शिवाय वरची वाट बंद झाल्याने पाणी बुडी मारून ढिगाऱ्याखालून जाते, म्हणजे ज्या झोताने खड्डा पडतो त्याच झोताला आणखी पाणी मिळते. जलपर्णी निदान दबते, वाकते आणि तुटते. बर्फाचे तुकडे थंडीत पुन्हा एकमेकांना गोठतात आणि बांध दगडासारखा होतो.

हिवाळ्याच्या मध्यातही असाच एक अडसर चादरीच्या खालच्या बाजूला लटकत वाढू शकतो. वरच्या खळाळत्या भागात तयार झालेला बर्फाचा लगदा चादरीखाली शिरतो, पाणी संथ होते तेथे वर चिकटतो, आणि थरावर थर चढून त्याचे बूड तळाच्या दिशेने उतरत जाते. मधली फट अरुंद झाली की पाणी तळ खरवडून स्वतःसाठी जागा करते. अशा जागी पूल असेल, तर पावसाळी पुरासाठी काढलेला खोलीचा हिशेब तेथे पुरेसा ठरेल असे धरून चालणे मला पटत नाही.

आणि मग बांध फुटतो. त्यामागे साठलेले पाणी एका लाटेसारखे खाली धावते, तिच्यात बर्फाचे मोठमोठे तुकडे असतात, आणि काही मिनिटांत वेग कित्येक पट वाढतो. खाली नदी अजून गोठलेलीच असेल तर हेच पाणी पुढच्या चादरीला जाऊन भिडते. उत्तरेकडे वाहणाऱ्या नद्यांत हे विशेष घडते, कारण त्यांचा दक्षिणेकडचा वरचा भाग आधी वितळतो आणि खालचा भाग तेव्हा घट्टच असतो. सैबेरियातील लेना नदीवर मे २००१ मध्ये बर्फाच्या अशाच बांधामुळे आलेल्या पुराने लेन्स्क हे शहर जवळजवळ उद्ध्वस्त केले. बर्फाची नुसती ढकलही पुलाला पुरेशी असते. नायगारा धबधब्याजवळचा पोलादी कमानीचा पूल २७ जानेवारी १९३८ रोजी पडला तो पायाखालची माती गेल्यामुळे नव्हे, तर नदीत साचलेल्या बर्फाने त्याच्या टेकूंना रेटल्यामुळे.

पाण्याशिवाय बर्फ स्वतःही तळाला हात घालते, हे फारसे सांगितले जात नाही. तळाच्या गोट्यांना चिकटून वाढलेले बर्फ उन्हाने किंवा तापमान थोडे वाढल्याने सुटते आणि वर येताना ते गोटे, कधी चांगले मोठे दगडही, घेऊन येते आणि प्रवाहाबरोबर दूर नेऊन टाकते. पायाभोवती संरक्षणासाठी टाकलेल्या मोठ्या दगडांचेही असेच होते. काठाचे बर्फ त्यांना घट्ट धरते, पाण्याची पातळी वाढून चादर उचलली गेली की दगड आपल्या जागेवरून उपटले जातात, आणि पुढच्या पुराला खालची वाळू उघडी मिळते.

यावरचे उपाय फार गूढ नाहीत. थंड प्रदेशात शक्यतो खांब कमी, गाळे (दोन खांबांमधली अंतरे) लांब आणि पाया खोल ठेवतात, खांब प्रवाहाच्या नेमक्या दिशेत उभे करतात, आणि त्यांचे पुढचे नाक निमुळते व उतरते करतात. नाक उतरते असण्यामागे चांगले कारण आहे: बर्फ दाबून चिरडायला खूप बळ लागते, पण वाकवून मोडायला त्या मानाने थोडे पुरते, आणि उतारावर चढणारी लादी आपल्याच वजनाने वाकून मोडते. कॅनडातील १२.९ किलोमीटर लांबीचा कॉन्फेडरेशन पूल, जो १९९७ मध्ये खुला झाला, नदीवर नसून समुद्राच्या सामुद्रधुनीवर आहे, पण त्याच्या खांबांना पाण्याच्या पातळीवर याच हेतूने शंकूसारखे आवरण दिले आहे. अडचण एवढीच की खांबाभोवती केलेले असे रुंद बांधकाम तळाच्या जवळ आले तर तेच तळखरवड वाढवते, म्हणून बर्फासाठी केलेला उपाय पाण्याच्या हिशेबात पुन्हा तपासावा लागतो. लेसी यांचे सूत्रही येथे जपून वापरावे लागते, कारण ते उपखंडातल्या वाळूच्या कालव्यांच्या निरीक्षणातून आले आहे आणि त्यात बर्फाच्या छताला जागा नाही.

मोजणी हा सर्वांत कठीण भाग आहे. बर्फ असताना होडी नेता येत नाही, फुटत असताना माणूस जवळ जाऊ शकत नाही, आणि सगळे निवळल्यावर खड्डा भरलेला असतो. काही ठिकाणी खांबालाच पाण्याखाली ध्वनीने खोली मोजणारे यंत्र बसवून ठेवतात, तर काही ठिकाणी चादर भक्कम असताना तिला भोके पाडून वजन बांधलेली खुणांची दोरी खाली सोडतात.

माझ्या विद्यार्थ्याला मी हे सगळे लिहून पाठवले आणि दोरीची पद्धत करून पाहायला सांगितले. चादरीची जाडी तपासून, चौघांनी कमरेला दोर बांधून, त्यांनी एका खांबासमोर आणि मोकळ्या पात्रात अशी दोन भोके पाडली. मोकळ्या पात्रात दोरी जेथे थांबली त्यापेक्षा खांबासमोर ती हातभर अधिक खाली गेली. त्याने दोन्ही खुणांवर लाल सुताची गाठ मारून दोरी जपून ठेवली आहे, आणि बर्फ वाहून गेल्यावर, पाणी चढायच्या आत, त्याच दोन जागी तो ती पुन्हा सोडणार आहे.